तिघांतला जादा कोण

आमच्या घरात कटकट सुरू झाली ती पुस्तकानं. बांधावरनं न्हाई, पाण्यावरनं न्हाई, बायकांच्या बोलण्यावरनं न्हाई. पुस्तकानं! आन् ते पुस्तक मीच मंचरहून आणून दिलेलं, त्यामुळं दुसऱ्या कुणाला शिव्या घालायची पण सोय न्हाई.

मी सोपान. निरगुडसरला आमची पाच एकर बागायत हाय. आमी तिघं भाऊ, मी थोरला, मधला गेणभाऊ आन् धाकटा जानकू. तिघांचं अजून एकत्र. माझी पोरगी वृषाली मंचरला बीएच्या दुसऱ्या वर्षाला हाय, तिनं अर्थशास्त्र घेतलंय. पोरगी हुशार, पण मोठ्यानं वाचल्याबिगर तिला काय पाठ व्हत न्हाई. त्यामुळं तिच्यासंगं आमचं सगळ्यांचंच कॉलेज चालतं. मागल्या वर्षी मागणी आन् पुरवठा व्हता, ते आमाला समजलं, मार्केटात रोज तेच बघतो. यंदा समग्रलक्षी अर्थशास्त्र. ह्यात म्हणं एकट्यादुकट्या माणसाचा इचार करायचा नसतो, सगळ्या देशाचा एकदम करायचा. मी म्हणलो, बरं झालं, आपला तर त्यात नंबरच लागत न्हाई.

दिवाळी झाल्यावर एक दिवस आमी तिघं जेवायला बसलो व्हतो. वृषाली भिंतीला टेकून वाचत व्हती. ग्रामीण भागात प्रच्छन्न बेकारी मोठ्या प्रमाणावर आढळते, शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे गुंतलेली असतात, असं कायबाय. मधीच थांबली आन् आमच्याकडं बघायला लागली.

"आण्णा, आपल्याकडं पण आहे ही."

"काय हाय?"

"प्रच्छन्न बेकारी."

माझा घास तोंडातच राहिला. "बेकारी? आपल्याकडं? अगं पहाटंपासनं वाकलेली पाठ आत्ता कुठं सरळ झाली माझी! बापाला बेकार म्हणती व्हय?"

"तशी बेकारी नाही हो. ही माणसं दिवसभर काम करताना दिसतात. पण त्यातला एक काढून घेतला तरी उत्पादन कमी होत नाही. तेवढंच निघतं. बाकीचे ओढून नेतात ना काम. म्हणजे एक माणूस जादाच असतो."

गेणभाऊ भाकरी मोडायचा थांबला. "मग आपल्यातला जादा कोण?"

"पुस्तकात नाव नसतं, नाना. कुणीही एक."

"कुणीही एक म्हंजी कोण एक?"

"कोणताही. याला काढा नाहीतर त्याला काढा, तेवढंच निघणार."

"म्हंजी तिघं बी जादा?"

"छे! तिघं काढले तर उत्पादनच शून्य होईल."

"मग प्रत्येक जण जादा, पण तिघं जादा न्हाईत?"

"बरोबर!" वृषालीला इतका आनंद झाला की काय इचारू नका. गेणभाऊ माझ्याकडं बघतोय, मी गेणभाऊकडं बघतोय, दोघांना काय बी कळलेलं न्हाई. जानकू मातर खाली मान घालून आमटी भुरकत व्हता.

वृषालीची आई चुलीपुढनं म्हणली, "तुमी तिघं बी चार दिस कुठंतरी जाऊन या, मग बघू काय अडतंय ते." बायकांना कुठं काय बोलावं ते कळत न्हाई.

दुसऱ्या दिवसापासनं घरात खूळ शिरलं. कुणी काय बोललं न्हाई, पण जो तो कामाला असा भिडला की बास. कांद्याचं रोप टाकलं व्हतं. सकाळी मी त्याला पाणी दिलं. दुपारी गेणभाऊनं दिलं, मला न सांगता. संध्याकाळी मी बघतोय तर जानकू पाईप घिऊन उभा! गवत काढलेल्या वाफ्यातनं गेणभाऊ परत गवत शोधीत फिरायचा. बैल एवढे धुतले की त्यांना सर्दी व्हायची येळ आली. आन् आठ दिसांत रोप पिवळं पडलं, मुळ्या सडायला लागल्या. परत बी टाकावं लागलं.

मी वृषालीवर खेकसलो, "बघ तुझ्या पुस्तकानं काय केलं ते!"

ती म्हणली, "आण्णा, सीमांत उत्पादकता शून्याच्या खाली गेली. ऋण झाली." आन् वहीत लिहून घेतलं. आता हिला मारावं का हिचं कौतुक करावं, तुमीच सांगा.

एवढं असतं तरी निभावलं असतं. पण ह्याच दिसांत जानकूचं जमत आलं व्हतं. जानकू तेहतीस वर्षांचा. पोरगा देखणा, निर्व्यसनी, घरची बागायत. पण शेती म्हणलं की पोरगी न्हाई. किती नकार आले त्याची मोजदाद ठेवायचं आमी कधीच सोडून दिलेलं. लगीन जमवणारी माणसं पहिलाच सवाल टाकायची, नोकरी हाय का? आन् न्हाई म्हणलं की चहा सुद्धा अर्धा ठिवून उठायची. मढची ही एकच पोरगी अशी निघाली, प्राची नावाची, जुन्नरला दवाखान्यात नोकरी करती, तिनं ह्याला बघून हसून मान डोलावली. जानकू घरी आला तवा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं व्हतं. रोज सांजच्याला बांधावर बसून तिच्याशी फोनवर बोलायचा आन् हसायचा. पोराला एवढं हसताना मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

मग तिचे वडील घर बघायला आले. चहा झाला, पोहे झाले, इहीर दाखवली, गोठा दाखवला. वसरीवर बसल्यावर पावण्यांनी सवाल केला. "शेती तुमी तिघं बी करता. मग ह्यात जानकूरावांचं नेमकं काय?"

मला वाटलं, ह्यांनी बी ते पुस्तक वाचलंय का काय! मी घाईघाईनं सुरू झालो. "पावणं, जानकूबिगर हितं पान हालत न्हाई. पाणी जानकू देतो. रातच्याला लाईट असली की बिबट्याच्या भ्यानं कुणी बाहेर पडत न्हाई, ह्यो एकटा बॅटरी घिऊन जातो. औषधं जानकू मारतो. मोटार जळली, जानकू. ट्रॅक्टर, जानकू. माल मार्केटला न्यायचा, जानकू."

पावण्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणले, "मग तुमी दोघं काय करता?"

आता काय सांगणार, कपाळ! मी गेणभाऊकडं बघितलं. त्याचं तोंड लालभडक. उठला आन् सरळ गोठ्यात गेला. पावणं गालातल्या गालात हसले आन् म्हणले, "राव, पोरगा एवढा कामाचा हाय, तर त्याला कंपनीत लावा. चाकणला माझ्या वळखीचा माणूस हाय. पोरीला बी पसंत हाय. पर नोकरीबिगर मी पोरगी देणार न्हाई, हे आत्ताच सांगून ठिवतो."

ते गेल्यावर गेणभाऊ माझ्याशी बोलंना. शेवटी जानकूच बोलला.

"दादा, मी जातो चाकणला."

"जाऊ नगस," मी म्हणलो. "दुसरी पोरगी बघू."

"कुठं बघता? न्हाई, मी जातोच. कांदा लावून देतो आन् जातो. काढणी झाली की कांदा साठवायची बराखी बघायची. दर साली आपली बराखी काठोकाठ भरती. यंदा माझ्याबिगर भरली, तर मी जादा. मग मी तिकडंच राहतो, लगीन करतो, माझं काय म्हणणं न्हाई. आन् न्हाई भरली, तर मी कंपनीला रामराम ठोकून घरी येतो. मग लगीन व्हवो न व्हवो. माझं वावर मला सोडवत न्हाई, दादा."

"अरं पुस्तकातलं येवढं मनाला लावून घेत्यात का, खुळ्या?"

"पुस्तकातलं न्हाई. मला लई दिसापासनं वाटतंय. तुमचं दोघांचं माझ्याबिगर अडत न्हाई."

मला त्याला सांगता आलं न्हाई की अडतं. का आलं न्हाई? कारण मलाच माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत कधी त्याला काढून बघितलंच न्हाई.

तर जानकू गेला. वृषाली कासावीस झाली, रडली, काका माझ्यामुळं गेला म्हणली. मी तिला समजावलं. मग परत वाचायला बसली, परीक्षा काय थांबती व्हय? दुसऱ्या दिवशी मला सांगायला लागली की आण्णा, काका कंपनीत गेला त्यानं देशाचं राष्ट्रीय उत्पन्न वाढलं.

"आन् आपलं?"

"आपण देशातच येतो ना."

"मग घरात ओकंबोकं का वाटतंय?"

"ते नाही मोजत," ती म्हणली.

आणखी एक तिनं सांगितलं, त्यानं तर माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. पूर्ण रोजगार म्हणून एक अवस्था असती. मला वाटलं, सगळ्यांना काम मिळालं की ती येत असंल. तर न्हाई! थोडे लोक बेकार असतातच, ते धरूनच पूर्ण म्हणायचं. मी म्हणलो, अगं, पंगत पूर्ण बसली म्हणायचं आन् चार माणसं मांडवाबाहेर उभी? ती म्हणली, हो, साधारण तसंच. ती चार माणसं कोण ते इचारायचं मी टाळलं.

जानकूचा फोन सुट्टीच्या दिवशी यायचा. "दादा, मोटार कशी चालती? व्हॉल्व्हला गळती लागली का? हितं सगळं टायमावर असतं, दादा. चहा बी टायमावर. दिवसभर एकच नट आवळायचा." मी इचारायचो, जीव रमतो का? तो म्हणायचा, प्राची म्हणती सवय व्हईल. प्राचीचं नाव घेतलं की आवाज बदलायचा. मी मनाशी म्हणायचो, बास, एवढं पुरे झालं.

हिकडं आमची तारांबळ. रातची लाईट आली की गेणभाऊ म्हणायचा माझी कंबर धरलीय, मी म्हणायचो मला अंधारात दिसत न्हाई. दोघं बी खरंच बोलत व्हतो. पाण्याच्या दोन-तीन पाळ्या चुकल्या. मग एक गडी ठिवला, त्याला उसात बिबट्याचे डोळे दिसले आन् तो दुसऱ्या दिवसापासनं आलाच न्हाई. त्यात थंडी धड पडली न्हाई. ऐन कांदा पोसायच्या टायमाला धुकं आलं, पातीवर करपा आला. औषध मारलं, पण उशीर झाला का येळेवर झालं, देव जाणे. जानकू असता तर पात बघून दोन दिस आदीच ओळखलं असतं. का नसतं? काय कळायला मार्ग न्हाई.

काढणी झाली. कांदा निवडला, बराखीत भरायला घेतला. शेवटच्या पाटीपर्यंत मी आन् गेणभाऊ एकमेकांशी बोललो न्हाई. भरून झाल्यावर बघतो तर शेवटचा खण रिकामा. निम्मा सुद्धा न्हाई, तळाला चार कांदे. गेणभाऊ त्या रिकाम्या खणापुढं उभा राहिला आन् त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"दादा, ह्यो खण जानकूचा."

मला इतका आनंद झाला! खोटं कशाला बोलू? पीक कमी आलं म्हणून नाचणारा शेतकरी तुमी कधी बघितलाय का? मी तिथंच वृषालीला हाक मारली. "ये, बघ! तुझं पुस्तक खोटं ठरलं! तुझा काका जादा नव्हता!"

ती आली, बघितलं, आन् तिचं तोंड कसनुसं झालं. "आण्णा, असं नाही म्हणता येत."

"का न्हाई म्हणता येत?"

"पुस्तकात प्रत्येक वेळी लिहिलेलं असतं, इतर परिस्थिती कायम असताना. म्हणजे थंडी तेवढीच, धुकं नाही, करपा नाही, फक्त काका नाही. तरच सांगता येतं. इथं सगळंच बदललं. काका असता तरी हा खण रिकामा राहिला असता, कदाचित."

"कदाचित म्हंजी?"

"म्हणजे माहीत नाही."

"अगं मग इतर परिस्थिती कायम कधी असती? सांग की! माझ्या जन्मात एक साल दुसऱ्यासारखं गेलं न्हाई!"

ती रडकुंडीला आली. एवढं सगळं करून, पोराला घराबाहेर काढून, परत जिथल्या तिथं. जादा व्हता का नव्हता, कुणाला ठावं न्हाई.

पण एक ठावं व्हतं. पुढच्या रविवारी मढचे पावणं तारीख धरायला यायचे व्हते. आन् त्याच्या आदी जानकूचा फोन यायचा व्हता. त्याला ना थंडीशी देणंघेणं, ना करप्याशी. तो एकच गोष्ट इचारणार.

रातभर मी तळमळत पडलो असं काय न्हाई, दमलो व्हतो, झोप लागली. पण सकाळी उठल्यापासनं मी फोनपासनं हाललो न्हाई. वृषालीची आई म्हणली, "खरं काय ते सांगा. येईल घरी, त्याचं घर हाय." गेणभाऊ म्हणला, "मी तर म्हणतो, सांगाच. रिकामा खण दिसतोय की डोळ्यानं. येऊ दे जानक्याला. लगीन न्हाई झालं तर न्हाई झालं, आपण हाय की." मला बी तेच पाहिजे व्हतं. देवाशप्पथ, मला तेच पाहिजे व्हतं. पण मग मला त्याचं ते बांधावरचं हसणं आठवलं, आन् मी म्हणलो, आपण म्हंजी कोण? मी आज हाय, उद्या न्हाई. आमच्या दोघांच्या माघारी ह्या पोराला जेवाय कोण वाढणार?

फोन आला तवा आमी सगळे वसरीवरच बसलो व्हतो. वृषालीनं स्पीकर लावला.

"दादा, झाली काढणी?"

"झाली."

"बराखी भरली का?"

मी वृषालीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली.

"भरली," मी म्हणलो.

गेणभाऊ ताडकन उठून उभा राहिला. जानकू पलीकडनं म्हणला, "खरं सांग, दादा. तू मला खोटं सांगशील. गेणभाऊला दे. त्याला खोटं बोलता येत न्हाई."

हे खरं व्हतं. गेणभाऊला उभ्या जन्मात खोटं बोलता आलेलं न्हाई. त्यानं माझ्या हातनं फोन घेतला. माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, आता हा मला उघडं पाडणार. मी हात जोडले. खरंच जोडले, थोरल्या भावानं मधल्याला.

"भरली रे, जानक्या," तो म्हणला. "काठोकाठ. वर उरला तो ताडपत्रीखाली ठिवलाय."

पलीकडनं कंपनीच्या पोरांचा गलका ऐकू येत व्हता.

"बरं झालं," जानकू म्हणला. "मग धरा तारीख. प्राचीला सांगतो मी."

"सांग, सांग," मी म्हणलो.

"दादा."

"काय रं?"

"मला आपलं वाटलं व्हतं, थोडं तरी कमी निघंल."

गेणभाऊनं फोन माझ्या मांडीवर टाकला आन् तोंड फिरवलं. मी म्हणलो, "न्हाई रं बाळा, काय कमी निघालं न्हाई." एवढं म्हणलो आन् फोन वृषालीच्या हातात दिला.